काटा बघून सांगतो

बिस्मिल्लाबीच्या घरात तीन जण राहत होते. एक ती, दुसरा तिचा नवरा गनीभाई आणि तिसरा जीपमधला डिझेलचा काटा. पहिल्या दोघांचं सगळ्या बाबतीत पटायचंच असं नाही, पण तिसऱ्याचा शब्द दोघंही मुकाट मानत. "शेवगावला कधी जायचं?" असं तिनं विचारलं की गनीभाई डोक्यावरची टोपी सारखी करून म्हणायचे, "काटा बघून सांगतो." मग अंगणात जाऊन जीपची किल्ली फिरवायचे, आत वाकून बघायचे आणि परत येऊन खाटेवर बसायचे. "लालवर हाय." विषय संपला.

घर तिसगावच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. वस्ती म्हणायची ती दोनच घरांची. एक यांचं आणि दुसरं ओढ्यापलीकडच्या श्रीमंतचं. श्रीमंत आणि त्याची बायको भागूबाई दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची ती उन्हाळ्यातच परत यायची, म्हणजे निम्मं वर्ष ते दार बंदच. डांबरी रस्त्यापासून वस्तीपर्यंतच्या वाटेला वाट म्हणणं म्हणजे वाटेची थट्टा होती. आधी खडक, मग ओढ्यातली वाळू, मग असा चढ की बैलसुद्धा थांबून विचार करायचा. तिथं चालायची ती एकच गाडी, गनीभाईंची जीप. लष्कराच्या लिलावातली, चारही चाकांनी ओढणारी, डोक्यावर फाटकं हूड आणि हुडाच्या पाइपात शेळ्या हाकायला खोचलेली तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काठी.

बिस्मिल्लाबीचे दोन्ही गुडघे गेलेले. श्रीमंतच्या मोटारसायकलवर टांग टाकता येत नव्हती, चालत ओढा ओलांडणं तर लांबच राहिलं. मुलगा हारिस पुण्याला कंपनीत, तो बायकोपोरांना घेऊन ईदला यायचा तेवढाच. म्हणजे जीप हलली तर बाई हलणार, आणि काटा हलला तर जीप हलणार. आता यातली खरी मेख अशी, की काटा मेलेला होता. आणि तो मारला होता बिस्मिल्लाबीनंच.

त्याचं झालं होतं असं. पाच-सहा वर्षांमागं गनीभाईंच्या छातीत कळ आली. नगरला नेलं, रक्तवाहिनीत जाळी बसवली, डॉक्टर म्हणाले, आता घरी बसा. पण घरी बसायचा गनीभाईंचा पिंडच नव्हता. कुणाची सोयरीक, कुणाची म्हैस, मढीच्या जत्रेला कुणाची माणसं पोचवायची, सगळीकडे यांची जीप पुढं. दवाखान्यातून येऊन आठवडा झाला नाही तोच स्वारी बाहेर. बिस्मिल्लाबी रडली, भांडली, दोन वेळ जेवली नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

मग तिला नवऱ्याची एक खोड आठवली. फार मागं करंजीच्या घाटात भरल्या वरातीसकट यांचं डिझेल संपलं होतं आणि नवरदेव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून मांडवात पोचला होता. लोक वर्षभर हसत होते. तेव्हापासून काटा लाल रेषेवर असला की गनीभाई जीपला हात लावत नसत. "मानूस खोटं बोलंल, काटा खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं वाक्य पंचक्रोशीला पाठ होतं.

एका दुपारी ते झोपलेले असताना तिनं ड्रायव्हरची सीट उचलली. या जीपची टाकी तिथंच, सीटखाली. टाकीच्या डोक्यावर एक स्क्रू आणि त्यावर नटानं आवळलेली वायर, काट्याकडं जाणारी. नवरा गाडीखाली काय काय खटपटी करतो हे तिनं सगळ्या संसारभर बॅटरी धरून बघितलेलं होतं. तिनं नट सोडवला, वायर काढली, नट परत फिरवून ठेवला, वायरचं उघडं टोक जुन्या ओढणीच्या चिंधीत गुंडाळलं आणि सीट होती तशी ठेवली. काटा लालवर पडला तो पडलाच.

औषध लागू पडलं, आणि जरा जास्तच पडलं. महिनाभर गनीभाई घरी बसले, कुरकुरले, अंगावर मूठभर मांस चढलं. बाई मनात खूश. मग ते कॅननं डिझेल ओतून बाजारापुरती गाडी काढायला लागले. शेळ्या न्यायच्या, कांदा न्यायचा. "अंदाजानं चालवतो," म्हणायचे. पण तिनं शेवगावचं नाव काढलं की अंदाज बंद आणि काटा सुरू. बाजाराला अंदाज पुरायचा, बहिणीच्या घराला मात्र काटाच लागायचा. आणि हिला बोलायची चोरी. काटा बिघडलाय म्हणावं, मेकॅनिकला दाखवा म्हणावं, तर सीटखालून हिचीच चिंधी निघणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. नवऱ्याला कोंडायला तिनं जी कडी घातली, तिच्या आत ती स्वतःच राहिली होती.

शेवगावला तिची थोरली बहीण होती, सुगराआपा. आई लवकर गेली, त्यामुळं बिस्मिल्लाबीची वेणी घातली ती आपानं, पहिला रोजा सोडवला तो आपानं आणि सासरी पाठवताना बेशुद्ध पडली तीही आपाच. त्या आपाच्या नातीचा निकाह या बाईनं मोबाइलवर बघितला. नवरीच्या जागी नुसता लाल ठिपका दिसत होता, मध्येच चित्र थांबत होतं, आणि अंगणात जीप उभी होती. त्या दिवशीसुद्धा गनीभाईंनी किल्ली फिरवली होती, वाकून बघितलं होतं आणि मान हलवली होती.

या मे महिन्यात आपाचा फोन आला.

"बिस्मिल्ला, पोरगा मला सुरतला नेतोय. घर दिलं इकून. शनवारी निघायचं. ह्या वयात मला परत कोन आनतंय गं? येऊन जा. तोंड तरी बघू दी."

बिस्मिल्लाबीनं फोन ठेवला आणि अंगणात आली. गनीभाई खाटेवर पडून कान कोरत होते.

"हारिसचे अब्बा, आपा चालली. कायमची. मला शेवगावला न्या."

गनीभाई खाटेवर उठून बसले. मग टोपी सारखी केली. "काटा बघून सांगतो."

ते गेले, वाकले, परत आले. "लालवर हाय."

इतकी वर्षं तिनं हे ऐकून घेतलं होतं. आज ऐकवेना. चुलीपाशी बसली तर धूर नसताना डोळ्यांतून पाणी, बाहेर आली तर समोर डोंगर, मागं डोंगर आणि मधे ती वाट. आपल्याच हातानं आपण किती पक्कं काम करून ठेवलंय, या विचारानं तिला घाम फुटला. बहीण सुरतला जाईल आणि आपण इथं ओढणीच्या एका चिंधीपायी बसून राहू. मग तिनं ठरवलं, जे हातानं सोडलं ते हातानंच जोडायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गनीभाई नमाज पढून आडवे झाले, घोरायला लागले. तिनं पाना, पक्कड आणि भाजीची सुरी घेतली. जीपमध्ये चढायलाच निम्मा जीव गेला. सीट उचलली. चिंधी सडून चिकट झाली होती, ओढल्यावर वायरच्या टोकाचं पितळी कडंच तुटून हातात आलं. आतली तार हिरवी पडलेली. तिनं ती सुरीनं खरवडून लालबुंद केली. पण टाकीवरच्या त्या स्क्रूचा नट गंजून असा बसला होता की पाना लावला तर पानाच घसरायचा. गाडीच्या पत्र्याचा तवा झालेला, पाठीवरून घामाच्या धारा, आणि मधूनच घोरणं थांबलं की हिचा श्वास थांबायचा. शेवटी तिनं शेजारी बघितलं. टाकी बांधलेल्या पट्टीचा बोल्ट होता, चांगला सैल. बोल्ट तो बोल्ट, असा विचार करून तिनं तार त्याच्याभोवती गुंडाळली आणि पकडीनं पिळून घट्ट केली.

किल्ली फिरवली. काटा थरथरला, लाल रेषा सोडून उठला, मध्यावर आला, तिथंही थांबला नाही आणि थेट वरच्या टोकाला जाऊन टेकला.

बिस्मिल्लाबी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. टाकी भरलेली! इतकं डिझेल आत आहे आणि या बिचाऱ्याला पत्ताच नाही, लालवर लालवर म्हणून बसलाय. तिला नवऱ्याची दया आली. आपण या माणसाला किती फसवलं, असंही वाटून गेलं.

पण दया आली म्हणून ती सावध राहायची विसरली नाही. संध्याकाळी तिनं श्रीमंत-भागूबाईला चहाला बोलावलं आणि चहा गाळता गाळता म्हणाली, "श्रीमंतभाऊ, जीपचा काटा बघा बरं जरा. मघाशी शेळी आत चढली हुती, काय धक्का लागला कुनाला ठाऊक."

श्रीमंतनं किल्ली फिरवली आणि ओरडलाच. "आरं तिच्या! गनीभाई, टाकी तर फुल्ल!"

गनीभाई खाटेवरून उठले. आत वाकून बघितलं, काचेवर बोटानं टिचक्या मारल्या. हात वर हुडाकडं गेला, तुराटीपाशी थांबला आणि सगळे बघताहेत हे पाहून खाली आला.

"अडकला असंल," ते म्हणाले. "खोटा दावतोय काटा."

"व्हय ओ?" भागूबाईनं पदर तोंडाला लावला. "इतकी वर्सं लालवर हुता तवर खरा, आन् आज वर चढला की खोटा?"

"मानूस खोटं बोलंल, गनीभाई," श्रीमंत म्हणाला आणि पुढचं वाक्य त्यानं मुद्दाम त्यांच्यासाठी सोडलं. सगळे हसले. गनीभाई हसले नाहीत.

"सकाळी निघू," ते म्हणाले. चहा तसाच राहिला. श्रीमंत निघताना त्यांनी त्याला हळूच विचारलं, "माझा कॅन हाय का रं तुझ्याकडं?"

"हाय की, रिकामा. पर टाकी फुल्ल असताना कॅन कशाला?"

गनीभाई वळून खाटेकडं गेले.

सकाळी बिस्मिल्लाबी धुतलेली ओढणी घेऊन, आपासाठी शेंगा आणि कुरडयांची पिशवी मांडीवर धरून जीपमध्ये बसली. गनीभाईंनी गाडी इतकी जपून काढली की तिला नवल वाटलं. चढावर हळू, उतारावर इंजिनच बंद. गाडी नुसती घरंगळत ओढ्यात उतरली. माझ्या गुडघ्यांना धक्के बसू नयेत म्हणून बिचारे करताहेत, असं तिला वाटलं. इतक्या वर्षांत कधी केलं नाही, आज केलं. तिला भरून आलं.

तिसगावच्या बाहेर आल्यावर गनीभाईंनी जीप सरळ पंपात घातली. पंपावरचा कानिफनाथ पळत आला. "कितीचं टाकू, गनीभाई?" म्हणत त्यानं आत डोकावलं आणि थबकला. "आवो, काटा तर टोकाला हाय. घालायचं कुठं?"

"टाक तू. काटा..." गनीभाई म्हणाले आणि त्यांनी बायकोकडं बघितलं.

"खोटं बोलत न्हाई," बिस्मिल्लाबीनं वाक्य पुरं केलं. "चला आता. आपा वाट बघत आसंल. भरल्या ताटात कशाला वाढून घेताय?"

गनीभाईंनी एकदा डिझेलच्या नळीकडं बघितलं. "हवा बघायची हुती," ते कानिफनाथला म्हणाले. कानिफनाथनं चारी चाकांची हवा बघितली. हवा चांगली होती. दुसरं काही बघण्यासारखं उरलं नाही, तेव्हा जीप निघाली.

पुढं अमरापूरच्या अलीकडं, जिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती नांगरलेली रानं, तिथं इंजिनानं एक उचकी दिली. मग दुसरी. गनीभाईंनी जीप कडेला घेतली तेव्हा ती स्वतःच्या वजनावरच चालत होती. थांबली. काटा वरच्या टोकाला होता.

झाड नाही, सावली नाही. हूड तापलेलं. बिस्मिल्लाबीला कळेना काय झालं. "बंद का केली?" तिनं विचारलं. गनीभाई उतरले. त्यांनी हुडाच्या पाइपातली तुराटी उपसली, टाकीचं झाकण फिरवलं आणि तुराटी आत सोडली. हात इतका सरावाचा की डोळ्यांनी बघायची गरजच पडली नाही. तुराटी वर आली, नुसतं टोक ओलं. त्यांनी ते अंगठ्यानं पुसलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बायको बघते आहे.

"आना हिकडं," ती म्हणाली.

त्यांनी तुराटी तिच्या हातात दिली. तिच्यावर चाकूनं पाडलेल्या खाचा होत्या, खालपासून वरपर्यंत. डिझेल पिऊन त्या काळ्या झालेल्या आणि अंगठ्यानं घासून गुळगुळीत. आज-कालच्या नव्हत्या.

"ही कवापासून?"

गनीभाई रानाकडं बघत राहिले. "तू वायर काढलीस तवापासून."

तिच्या मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली. ती उचलायचंही तिला सुचलं नाही.

"चिंधी तुझ्या हिरव्या ओढनीची हुती," ते म्हणाले. "मला वळखू येनार न्हाई व्हय? आन् काल तू ती तार गाडीच्या बाडीला लावलीस. बाडीला लागली की काटा फुल्लच दावतो, टाकी कोरडी असली तरी."

"मग कालच बोलायचं हुतं."

"काय बोलनार? टाकी कोरडी हाय हे तुमाला कसं ठाऊक, म्हनून इचारलं असतंस."

बिस्मिल्लाबीला आधी शरम वाटली. नंतर तिच्या ध्यानात आलं की शरम एकटीची नाही. "आन् तवा? तवा का न्हाई बोलला?"

गनीभाईंनी टोपी काढली, परत घातली. "पयल्यांदा राग आला. मग वाटलं, बाईला आपन घरात पायजे हाय, जगायला पायजे हाय. बरं वाटलं गं. म्हटलं, ऱ्हाऊ या. मग तू शेवगाव शेवगाव करायला लागलीस. तू न्हाई की ते घर मला खायला उठतं. म्हटलं, हिनं मला काट्यानं बांधलं, तर हीबी ऱ्हाऊ दी बांधलेली. कडी तूच घातली हुतीस, बिस्मिल्ला. मी निस्ती हाय तशी ठिवली."

 हे खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. चिंधी तिची, गाठ तिची. पण तिनं ती गाठ बांधली होती नवरा मरू नये म्हणून, आणि मग रोज अंगणात जाऊन, वाकून बघितल्याचं नाटक करून तीच गाठ आवळत बसायला तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"निकाहच्या दिवशी," तिनं विचारलं. "आपाच्या नातीच्या. तवा टाकीत डिझेल हुतं?"

गनीभाई टाकीचं झाकण परत बसवायला लागले.

"बोला. हुतं का न्हाई?"

त्यांनी हात पुढं केला आणि नखानं तुराटीवरची एक खाच दाखवली. मध्याच्या बरीच वर.

"हितपत्तोर," ते म्हणाले.

बिस्मिल्लाबी त्या खाचेकडं बघत राहिली. मोबाइलवरचा तो लाल ठिपका तिला दिसला, थांबणारा, परत हलणारा. ती रडली नाही. रडून झालं होतं, तेही याच गाडीत आणि याच माणसाची दया येऊन.

तिसगावकडून कांद्याचा टेम्पो येत होता. तिनं उतरून हात केला. टेम्पो थांबला. आत वाल्मिक होता, बाजारात नेहमी भेटणारा.

"काय झालं, मावशी? गनीभाई, बंद पडली का?"

"डिझेल संपलं," गनीभाई म्हणाले.

"मला शेवगावला सोड, बाबा," बिस्मिल्लाबी म्हणाली. "भनीकडं जायचंय."

"बसा की. गनीभाई, तुमी?"

गनीभाईंनी जीपकडं बघितलं. भर रस्त्यात गाडी टाकून कसं जाणार, आणि कोरडी पडलेली टाकी नुसतं डिझेल ओतून चालू होत नाही, आधी नळीतली हवा काढत बसावी लागते. "मी हितंच हाय," ते म्हणाले. "कॅनभर पाठीव कुनासंगं."

वाल्मिकनं वरून हात दिला. पायरी उंच होती. गुडघे कुरकुरले. गनीभाई मागून आधार द्यायला पुढं झाले, पण तिनं "ऱ्हाऊ द्या" म्हटलं आणि दाराची दांडी धरून एकटीच वर चढली. कळ मस्तकात गेली, पण चढली. पिशवी त्यांनी खालून वर दिली. शेंगा थोड्या सांडल्या होत्या, त्या त्यांनी एकेक वेचून परत आत टाकल्या होत्या.

टेम्पो सुरू झाला. गनीभाई खिडकीखाली उभे होते, उन्हात, टोपी हातात धरून. मागं जीप, चारही चाकं असून जागची न हलणारी.

"बिस्मिल्ला," त्यांनी विचारलं, "माघारी कवा येशील?"

तिनं त्यांच्याकडं बघितलं. म्हातारा दिसत होता, आणि एकटा. तिला वाईट वाटलं, ते तिनं वाटू दिलं.

"काटा बघून सांगते," ती म्हणाली. तुराटी तिच्या हातातच होती.